हॉट टबचा पंप: किती तास, किती वेगाने

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात किंवा सिॲटल, डॅलसच्या उपनगरांत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना पुष्कळदा घराबरोबर मागच्या अंगणातला हॉट टबही मिळतो. पहिल्या थंडीत त्याचे कौतुक होते, पाहुणे आले की तो हमखास दाखवला जातो, आणि विजेचे बिल हाती पडले की प्रश्न सुरू होतात. हा पंप दिवसरात्र का गुणगुणतो? बंद ठेवला तर काय बिघडेल? सल्ले मिळतात ते दोन टोकांचे. कोणी सांगते की पंप चोवीस तास चालायलाच हवा, नाहीतर पाणी नासते. कोणी सांगते की बसण्याआधी तासभर लावला की पुरे. दुकानदार नवा पंप घ्यायला सांगतो. या प्रत्येकात थोडे तथ्य आहे, म्हणूनच माणूस गोंधळतो. माझ्या मते चर्चा चुकीच्या जागी अडकली आहे. पंप किती तास चालला यापेक्षा तो कोणत्या वेगाने चालला आणि पाण्यातली किती उष्णता बाहेर गेली, यांवर बिल ठरते.

हिशेबासाठी एक नेहमीचा टब धरू: चार-पाच जणांचा, ३५० गॅलनचा, म्हणजे सुमारे १३२५ लिटरचा. विजेचा दर युनिटला ४० सेंट धरू. बे एरियात राहणाऱ्यांना हा दर जास्त वाटणार नाही.

अशा टबात पंपाला तीन कामे असतात. पाणी फिल्टरमधून फिरवत ठेवणे हे पहिले. हीटर चालू असताना त्यातून पाणी वाहते ठेवणे हे दुसरे, कारण वाहत्या पाण्याशिवाय हीटर जळतो. अंगावर जोराचे झोत सोडणे हे तिसरे. बहुतेक टबांत एकच दोन वेगांचा पंप तिन्ही कामे करतो: पहिली दोन मंद वेगाने, तिसरे जलद वेगाने. काही टबांत फिरवण्यासाठी वेगळा छोटा पंप असतो आणि तो चोवीस तास चालतो. तुमच्याकडे यांतले काय आहे हे आधी पाहा. त्यासाठी कडेचा पत्रा काढून मोटरवरची पट्टी वाचावी लागते. मात्र त्याआधी टबाचा ब्रेकर बंद करा.

झोतांचे काम यादीत तिसरे असले तरी इतिहासात ते पहिले आहे. इटलीतून येऊन बर्कलीत स्थिरावलेले जकुझी बंधू आधी विमानांचे पंखे बनवत. १९२१ मध्ये त्यांचे विमान मोडेस्टोजवळ कोसळले, त्यात एक भाऊ गेला आणि कुटुंबाने विमानांचा धंदा सोडला. पुढे १९२६ च्या सुमारास त्यांनी खोल विहिरीतून पाणी उपसणारा जेट पंप काढला आणि कॅलिफोर्नियाच्या शेतीत तो चांगला चालला. त्यांच्यातल्या कँडिडो जकुझी यांच्या मुलाला, केनेथला, अगदी लहानपणी संधिवात जडला होता. जलोपचाराने त्याला आराम पडतो हे पाहून वडिलांनी घरच्या बाथटबात ठेवता येईल असा पंप तयार केला. १९५० च्या दशकात तो बाजारात आला. १९६८ मध्ये रॉय जकुझी यांनी टबाच्या भिंतीतच झोत बसवले. म्हणजे हे यंत्र मुळात अर्ध्या तासाच्या जोरदार झोतासाठी घडले. तेच पाणी बारा महिने गरम ठेवायचे आणि सतत गाळत राहायचे, ही जबाबदारी नंतर त्याच पंपावर येऊन पडली. झोतासाठी लागणारी ताकद गाळण्याच्या संथ कामाला लावणे, हे या यंत्रातल्या वाया जाणाऱ्या विजेचे मूळ आहे.

पंपाचा नियम साधा आहे. फिरण्याचा वेग निम्मा केला तर पाण्याचा प्रवाह निम्मा होतो, दाब चौथाईवर येतो आणि लागणारी शक्ती एक-अष्टमांश होते. दोन वेगांच्या मोटरची कार्यक्षमता मंद वेगाला खालावते, त्यामुळे प्रत्यक्षात शक्ती एक-पंचमांश किंवा एक-षष्ठांशाच्या आसपास येते. जलद वेगाला १५०० वॅट घेणारा पंप मंद वेगाला साधारण २५० वॅट घेतो. निम्म्या प्रवाहामुळे तेवढेच पाणी फिरवायला दुप्पट वेळ लागतो, हे खरे. तरीही वीज एक-तृतीयांशच लागते.

आता महिन्याचे आकडे पाहू. मंद वेगाने रोज चार तास म्हणजे एक युनिट, महिन्याला ३० युनिट, १२ डॉलर. तेच चार तास जलद वेगाने चालले तर महिन्याला १८० युनिट, ७२ डॉलर. चोवीस तास चालणारा ६० वॅटचा छोटा पंप महिन्याला ४३ युनिट घेतो, सुमारे १७ डॉलर. दिवसरात्र येणाऱ्या आवाजामुळे संशय छोट्या पंपावर जातो, पण तो निर्दोष आहे. खरा खर्चिक तो पंप, जो चुकीच्या सेटिंगमुळे गाळण्याचे काम जलद वेगाने करतो, किंवा ज्याला मुळात एकच वेग आहे. बसल्यावर झोत चालवले तर वीस मिनिटांत अर्धे युनिट, म्हणजे २० सेंट जातात. ज्या सुखासाठी टब आहे त्यात काटकसर करू नये. फक्त उठताना झोतात हवा मिसळणाऱ्या खुंट्या बंद करा. त्या उघड्या राहिल्या तर बाहेरची थंड हवा पाण्यात खेचली जाते आणि पाणी निवते.

उष्णतेचा हिशेब वेगळा आणि मोठा आहे. १३२५ लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला दीड युनिट लागते. नव्याने भरलेले १५ अंशांचे पाणी ३९ अंशांवर न्यायला ३७ युनिट जातात. शिवाय गरम पाण्यातून एक लिटर वाफ होऊन उडाले की सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता त्याबरोबर जाते. म्हणून उघडा टब भराभर निवतो आणि म्हणूनच झाकण हा टबाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कॅलिफोर्नियाने २००६ पासून अशा टबांसाठी वापर नसतानाच्या विजेवर मर्यादा घातली आणि १ जून २०१९ पासून ती कडक केली. टबाच्या आकारावरून ही मर्यादा काढतात. आपल्या ३५० गॅलनच्या टबाला ती साधारण २२६ वॅट येते. बाहेर ६० अंश फॅरनहाइट असताना, पाणी १०२ अंशांवर आणि झाकण घट्ट बसलेले, अशा चाचणीत पंप, हीटर आणि नियंत्रक मिळून सरासरी एवढीच वीज लागली पाहिजे. म्हणजे दिवसाला साडेपाच युनिटच्या आत, महिन्याला सुमारे १६० युनिट, ६५ डॉलर. कोणी टबात पाऊल न टाकताही हा खर्च होतो, आणि तोही नियम पाळणाऱ्या नव्या टबाचा. जुन्या टबाचा आकडा याहून वर असतो.

झाकणातला फोम काही वर्षांनी वाफ शोषून भिजतो. भिजलेली गोधडी जशी ऊब देत नाही, तसे ते झाकण दिसायला जागेवर असते, पण उष्णता धरत नाही. पूर्वी एका हाताने उचलले जाणारे झाकण दोघांना उचलावे लागत असेल तर ते बदला. थंडीच्या सकाळी झाकणाच्या मधल्या घडीतून वाफ निघताना दिसली तरी अर्थ तोच. पंपाच्या वेळापत्रकात महिनाभर फेरफार करून जे वाचत नाही ते नव्या झाकणाने वाचते.

पंपाचे तास कापून फारसे का वाचत नाही, त्याचे कारण इथेच आहे. पंप पाण्यात जी ऊर्जा घालतो ती घर्षणाने शेवटी उष्णताच होते. मोटरची स्वतःची उष्णताही बंद, आतून लपेटलेल्या पेटीत असेल तर काही प्रमाणात पाण्याकडे जाते. हिवाळ्यात ही ऊब उपयोगी पडते. गाळण्याचे दोन तास कमी केले तर तेवढी उष्णता हीटरला भरून काढावी लागते. शिवाय पाणी निवले की हीटर लागतो आणि हीटर लागला की पंप आपोआप सुरू होतो, मग वेळापत्रकात काहीही लिहिलेले असो. त्यामुळे जानेवारीत तास कमी करणाऱ्याला बिलात फरक दिसत नाही. उन्हाळ्यात चित्र उलटते. सॅन होजेच्या किंवा डॅलसच्या जुलैत पंपाची ऊब बाहेर जायला जागा नसते आणि पाणी ठरवलेल्या अंशांच्या वर चढत जाते. तेव्हा गाळण्याचे तास कमी करणे, ते पहाटे ठेवणे आणि तापमान दोन-चार अंश खाली आणणे, या तिन्हींचा खरा फायदा होतो. म्हणून वर्षभर एकच वेळापत्रक ठेवू नका. उन्हाळ्याचे वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे ठेवा.

‘सतत गरम ठेवावे की हवे तेव्हा तापवावे’ हा वाद तर कधी संपतच नाही. नियम स्पष्ट आहे: पाणी जितके निवलेले आणि जितका वेळ कोमट राहील तितकी उष्णता कमी निसटते. पुन्हा तापवायला जास्त वीज लागते हा समज चुकीचा आहे. पण फायदा किती, ते टबावर अवलंबून आहे. चांगला लपेटलेला टब १५ अंशांच्या हवेत दिवसाला साडेतीन अंशांच्या आसपासच उतरतो. रात्रीचे आठ तास हीटर बंद ठेवला तर पाणी जेमतेम सव्वा अंश उतरते आणि बचत नगण्य होते. रोज बसणाऱ्याने तापमानाशी खेळू नये. फक्त शनिवार-रविवारी बसणाऱ्याने सोमवारी दहा अंश खाली आणून शुक्रवारी पुन्हा वर चढवावे. चार हजार वॅटच्या हीटरला दहा अंशांसाठी जवळजवळ चार तास लागतात, म्हणून ते दुपारी लावावे. दोन-तीन आठवडे गावाला जात असाल तर बचत नक्कीच होते. मात्र कोमट पाण्यात जंतू अधिक सुखाने वाढतात, तेव्हा क्लोरिनकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

टब इतका हळू निवतो याचा एक सुंदर उपयोग आहे, आणि तो फारच थोडे लोक करतात. उत्तर कॅलिफोर्नियात पीजी अँड ई या वीज कंपनीच्या, वेळेनुसार दर असलेल्या सर्वसाधारण योजनेत संध्याकाळी ४ ते ९ वीज महाग असते. हा फरक उन्हाळ्यात मोठा असतो, हिवाळ्यात लहान. या पाच तासांत हीटर आणि गाळणे दोन्ही बंद ठेवले तर पाणी पाऊण अंशही उतरत नाही. बसणाऱ्याला ते कळणारही नाही. दुपारी साडेतीनपर्यंत पाणी इच्छित अंशांवर आणून ठेवा, जेवणानंतर झोत चालवून बसा, गाळणे रात्री नऊनंतर लावा. छतावर सौर पॅनेल असलेल्यांना तर दुपार आणखी सोयीची. एप्रिल २०२३ च्या मध्यानंतर अर्ज केलेल्या कॅलिफोर्नियातल्या घरांना ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला पूर्वीपेक्षा बराच कमी मिळतो. अशा घराने आपली दुपारची वीज स्वस्तात देऊन रात्री महाग वीज घेण्यापेक्षा ती टबाच्या पाण्यात साठवावी.

आता पाणी किती फिरवायचे? मंद वेगाला मिनिटाला १०० लिटर प्रवाह धरला तर १३२५ लिटर सव्वातेरा मिनिटांत एकदा फिरतात. पण एक फेरी झाली म्हणजे सगळे पाणी गाळले गेले असे नाही. गाळलेले आणि न गाळलेले पाणी मिसळत राहते. पहिल्या फेरीनंतर सुमारे ३७ टक्के पाणी न गाळलेले उरते, चार फेऱ्यांनंतर दोन टक्क्यांच्या आत येते. म्हणजे तासभरात सगळे पाणी फिल्टरमधून जवळपास जाऊन येते. या गणिताच्या आधारे काही जण दिवसाला एक तास पुरे असे सांगतात, आणि तिथे मी त्यांना थांबवू इच्छितो. गाळणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. क्लोरिन किंवा ब्रोमिन टबाच्या प्रत्येक कोपऱ्यात आणि नळीत पोचत राहावे लागते. टबाला ओझोनची जोड असेल तर तीही पाणी फिरतानाच काम करते.

लीजिओनेला हा जंतू साधारण २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो, म्हणजे नेमक्या आपल्या टबाच्या तापमानात, आणि झोतांनी उडालेल्या तुषारांतून फुप्फुसात जातो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल इथे फुलांच्या प्रदर्शनात ठेवलेल्या एका चालू हॉट टबातून या जंतूचा संसर्ग पसरला आणि किमान ३२ माणसे दगावली. त्यांतले बहुतेक जण टबात उतरले नव्हते, जवळून चालत गेले होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे सांगणे आहे की हॉट टबात मुक्त क्लोरिन दर दहा लाखांत किमान ३ भाग असावे आणि पीएच ७.० ते ७.८ मध्ये राहावा. या पार्श्वभूमीवर रोज दोनदा, प्रत्येकी दोन तास, मंद वेगाने हे दोन माणसांच्या घराचे किमान मी मानतो. पाहुण्यांनी भरलेल्या संध्याकाळनंतर ते दुप्पट करावे आणि पाणी तपासल्याशिवाय दुसऱ्या दिवशी कोणाला बसू देऊ नये. उत्पादकाने याहून जास्त सांगितले असेल तर त्याचे ऐकावे. मंद वेगाच्या एका तासाला दहा सेंट लागतात. एवढ्यासाठी आरोग्याशी तडजोड करण्याचे कारण नाही.

फिल्टरबद्दल एक रूढ समज असा, की तो तुंबला की पंप जास्त वीज खातो. अशा पंपात बहुधा उलटे होते. वाट अडली की प्रवाह कमी होतो आणि मोटरवरचा भारही उतरतो. म्हणजे मीटर काही सांगत नाही, पण पाणी गाळले जात नाही. हीटरला पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि तो प्रवाहाची चूक दाखवून बंद पडतो. फिल्टर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी नळाखाली धुवा आणि काही महिन्यांनी विशेष द्रावणात भिजवून स्वच्छ करा. हात-पाय धुऊन, अंगाचे तेल काढून टबात उतरण्याची सवय घरात लावली तर फिल्टरही टिकतो आणि क्लोरिनही कमी लागते.

मिनिआपोलिस, शिकागो, टोरांटो इथे राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. गोठणाऱ्या हवेत पंप थांबला तर नळ्यांतले पाणी गोठून त्या फुटतात. नियंत्रक अशा वेळी पंप स्वतःहून चालवतो. वीज वाचवायला मुख्य ब्रेकर बंद करून सुट्टीवर जाण्याचा विचारही करू नका. हिवाळ्यात टब वापरायचा नसेल तर तो जाणकाराकडून पूर्ण रिकामा करून, नळ्या फुंकून बंद करावा.

आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये किंवा लोणावळ्याच्या बंगल्यात बसवलेली जकुझी बहुधा न्हाणीघरातली असते. वापरायला भरायची आणि नंतर सोडून द्यायची. तिथे पाणी गरम ठेवायचा प्रश्न नाही. ३०० लिटर पाणी गीझरमधून १५ अंशांनी तापवायला सव्वापाच युनिट लागतात, तर पाऊण किलोवॅटचा पंप वीस मिनिटांत पाव युनिट घेतो. म्हणजे इथेही वीज पाण्याच्या उष्णतेवर जाते, पंपावर नाही. अशा टबाच्या नळ्यांत मात्र पाणी साचून राहते. दर काही आठवड्यांनी टब भरून, जंतुनाशक टाकून पंप दहा-पंधरा मिनिटे फिरवावा आणि पाणी सोडून द्यावे. उष्णकटिबंधात हे अधिकच जरुरीचे आहे.

राहिला नवा पंप. पोहण्याच्या तलावांच्या पंपांसाठी अमेरिकेत १९ जुलै २०२१ पासून कार्यक्षमतेचा संघराज्य नियम लागू झाला आणि बदलत्या वेगाच्या पंपांचा प्रसार त्यामुळे झपाट्याने झाला. तिथे तो योग्यच आहे, कारण तलावाचा पंप रोज तासन्‌तास गाळण्याचेच काम करतो. हॉट टबासाठी हाच युक्तिवाद विक्रेते जसाच्या तसा वापरतात, तो इथे पुरता लागू होत नाही. तुमच्याकडे दोन वेगांचा धडधाकट पंप असेल तर बदलत्या वेगाच्या पंपाने दिवसाला अर्धे-पाऊण युनिट वाचेल, म्हणजे महिन्याला सहा ते नऊ डॉलर. पंप आणि मजुरी यांची किंमत निघायला वर्षे लागतील. एकच वेग असलेला जुना पंप गाळण्यालाही वापरला जात असेल, तर मात्र वाट पाहू नका. बेअरिंगची किंकाळी ऐकू आली किंवा मोटरखाली पाण्याचे डाग दिसले की आधी सील आणि बेअरिंग बदलता येते का ते विचारा. पाणी बदलल्यावर पंप फिरतो पण झोत येत नाही, तेव्हा बहुधा नळीत हवा अडकलेली असते. पंप बंद करून त्याच्या जोडाची चकती किंचित सैल करा. हवा निघून पाणी ठिबकले की घट्ट करा.

पंप बदलताना मोठ्या अश्वशक्तीचा घेण्याचा मोह होतो. त्याने बिल वाढते, पण त्याहून गंभीर गोष्ट पाणी ओढणाऱ्या तोंडावरच्या जाळीची आहे. २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबाच्या तळाच्या ओढीत अडकून मरण पावली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात होती. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि डिसेंबर २००७ मध्ये तिच्याच नावाचा सुरक्षा कायदा झाला. अमेरिकेत विकली जाणारी अशी प्रत्येक जाळी त्या कायद्यानुसार अडकण्यापासून वाचवणारी असावी लागते आणि तिच्यावर किती गॅलन प्रति मिनिट प्रवाह सुरक्षित आहे ते लिहिलेले असते. तुमच्या टबातल्या जाळीवरचा आकडा वाचा. ती तडकली असेल किंवा सुटली असेल तर नवी बसेपर्यंत टब कोणालाही वापरू देऊ नका. नव्या पंपाचा प्रवाह त्या आकड्याहून जास्त असेल, तर विक्रेता काहीही सांगो, तो पंप घेऊ नका.